मंद आवाजाचं इंजिन

वेंडेल त्यादेनकडे माझं नीट लक्ष गेलं ते तो माझ्या प्रयोगशाळेच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला तेव्हा. त्याआधी कित्येक वर्षं मी त्याला रोज पाहत होते. पाहत होते म्हणजे काय, तर शाळेच्या पिवळ्या बसच्या काचेमागे एक टोपी आणि तिच्याखाली एक लांबट नाक. आमच्या ऑस्टरव्हेलमध्ये बस चालवणाऱ्याकडे कुणी याहून जास्त बघत नाही.

"बाई, तुमच्याकडे ती काचेची नळी असते ना? आकडे असलेली, खाली तोटी?"

"ब्युरेट?"

"तेच असेल. थोडे दिवस मिळेल का?"

मी तेव्हा विज्ञान शिकवत असे. ब्युरेट घरी न्यायला मागणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. त्यात हा गडी चाळिशी ओलांडलेला, लग्न न केलेला, गावाच्या टोकाला बहीण अल्विनासोबत राहणारा, आणि त्याच्या गॅरेजचं दार कायम आतून लावलेलं. माझ्या मनात पहिली शंका आली ती मी सरळ विचारून टाकली.

"दारू गाळतोयस का रे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "अल्विना मला घराबाहेर काढेल, बाई." मग त्याने व्हरांड्यात दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोजायचंय. एका खळग्यात किती पाणी मावतं ते."

"कसला खळगा?"

"छोटा आहे," तो म्हणाला, जणू एवढ्याने माझं समाधान होईल.

माझं समाधान झालं नाही. ब्युरेट जाईल तिथे मीही येईन, असं मी त्याला सांगितलं आणि रविवारी प्रार्थनेनंतर ती रुमालात गुंडाळून त्याच्याकडे गेले. अल्विनाने आधी चहाला बसवलं. कपात खडीसाखर तडकली, वर सायीचा थेंब पडला, आणि आमच्या रीतीप्रमाणे तिसरा कप होईपर्यंत मला उठता आलं नाही. त्या सगळ्या वेळात वेंडेल दारात या पायावरून त्या पायावर होत होता.

गॅरेजमध्ये टेबलावर दोन जड लोखंडी तुकडे उलटे ठेवले होते. इंजिनाच्या सिलिंडरांवर झाकणासारखं बसतं ते हेड. त्याच्या खालच्या अंगाला वाटीसारखे खळगे असतात. पिस्टन वर आला की पेट्रोल आणि हवा त्या खळग्यात दाबली जाते आणि तिथेच पेटते. खळगा जितका लहान, तितका दाब जास्त, आणि दाब जास्त तितका पेटल्यावर बसणारा धक्का जोरकस. वेंडेलच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन एका जुन्या शेतकी ट्रकमधून काढलेलं होतं. त्याच्या पिस्टनांच्या माथ्यावर बशीसारखी खोलगट जागा होती आणि हेडचे खळगेही ऐसपैस. दाब कसा तो होतच नव्हता. शनिवारच्या मातीच्या शर्यतींत तो चौदा वर्षं भाग घेत होता आणि चौदा वर्षं त्याने बहुतेक इतरांची धूळच खाल्ली होती.

"हे माझं हेड," तो एकावर बोट ठेवून म्हणाला. "आणि हे त्याच कंपनीच्या लहान इंजिनाचं. बोल्टांची भोकं जिथल्या तिथे जुळतात. उचललं आणि बसवलं."

आम्ही खळग्यावर ग्रीस लावून भोक पाडलेली जाड पारदर्शक पट्टी दाबली, ब्युरेटमध्ये गाडीच्या काचा धुवायचं निळं पाणी भरलं आणि थेंबथेंब सोडलं. मोठ्या हेडचा खळगा शहात्तर मिलिलिटरला भरला. लहान हेडचा अठ्ठावन्नला. मी दोनदा वाचलं. वेंडेलने टोपी काढून ती पुन्हा घातली.

"नियमात बसतं का हे?" मी विचारलं.

"बसतं. हेड कंपनीचं हवं, ओतीव लोखंडाचं हवं आणि कुठे कापलेलं, घासलेलं नको. कुठल्या इंजिनाचं, ते नियम बोलतच नाही."

"मग दार लावून कशाला करतोयस?"

"बाई, इथे प्रत्येकाच्या कोठारामागे अशी एखादी मोडकी गाडी गवतात पडलेली आहे. एकाला कळलं की पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या गाडीवर हेच हेड. मला एक उन्हाळा हवाय. एकच."

मी कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला.

त्या उन्हाळ्यात वेंडेल जिंकू लागला.

पहिल्यांदा जिंकला तेव्हा लोकांनी पाठ थोपटली. दुसऱ्यांदा टाळ्या जरा कमी पडल्या. तिसऱ्या वेळी जत्रेच्या मैदानावरच्या लाकडी पायऱ्यांवर बसलेले लोक टाळ्या वाजवायचे सोडून कान देऊन ऐकू लागले. कारण विचित्र गोष्ट अशी होती, की वेंडेलची गाडी इतरांसारखी किंचाळत नसे. त्या लहान हेडची हवा आत घेणारी भोकंही लहान होती, त्यामुळे इंजिनाला फार वरच्या फेऱ्यांत दम लागायचा. म्हणून वेंडेलने मागचं गियरच बदललं होतं. इंजिन खालच्या फेऱ्यांतच ठेवायचा, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. आवाज मंद, चाल जोरात. आमच्या लोकांना हे पटणं शक्यच नव्हतं.

चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी मी जे ऐकलं ते असं.

"पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळतो. वास घेतलास का?"

"वास कसला, ते इंजिनच मोठं आहे. वरून लहान दिसतं."

"बस-डेपोत किल्ली कुणाकडे असते? त्याच्याकडेच ना? मग सामान कुठून येतं ते मी कशाला सांगू!"

शेवटचं वाक्य डर्क मीस्टरचं. डर्क ट्रॅक्टरचं दुकान चालवत असे. आधीचे तीन हंगाम करंडक त्याच्याच दुकानाच्या काचेमागे होता. वाईट माणूस नव्हता, पण आपण हरलो तर त्याला कारण सापडल्याशिवाय जेवण जात नसे. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "क्रूझबाई, तुमचं जाणं-येणं असतं म्हणे त्यादेनांकडे?"

"चहाला जाते."

"गॅरेजमध्ये चहा?" तो हसला आणि बाकीचेही हसले.

जुलैच्या अखेरीस डर्कने रीतसर तक्रार केली. आमच्या मैदानाची रीत अशी, की जिंकणाऱ्याबद्दल शंका असेल तर पहिल्या पाचांतला कुणीही त्याचं इंजिन खोलायला सांगू शकतो. मात्र तक्रार करणाऱ्याने आपलंही इंजिन शेजारी खोलून दाखवायचं. जिंकणाऱ्याने नकार दिला तर ती शर्यत बाद.

वेंडेलने नकार दिला.

करंडकाच्या यादीत वर सरकलेलं नाव खाली आलं तरी चालेल, पण हेड दिसता कामा नये, एवढाच हिशोब त्याने केला. गावाने वेगळा हिशोब केला. निर्दोष माणूस झाकण उघडायला का घाबरेल? सोमवारपासून दुकानात लोक त्याच्याशी हवापाण्यापुरतं बोलू लागले. एका आईने मला भाजीच्या फडताळापाशी गाठून विचारलं, "बाई, खोटं वागणाऱ्याच्या हाती मुलं द्यायची का हो?" तिची दोन्ही मुलं वेंडेलच्या बसने येत. त्यांतला धाकटा हातमोजे विसरायचा, म्हणून वेंडेलने सीटखाली हातमोज्यांचा एक डबा ठेवला होता. मी तिला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे हो, पण तरी."

मग शाळा-मंडळाचे अध्यक्ष हार्म उबेन वेंडेलकडे गेले. हार्म मितभाषी आणि सरळ. ते डर्कचे सासरे होते आणि त्याबद्दल त्यांनाच सर्वांत जास्त संकोच वाटायचा. शाळा सुरू होण्याआधी बसचं काम दर वर्षी नव्याने द्यायचं असे. ते म्हणाले, "वेंडेल, शर्यतीशी मला घेणं नाही. पण डेपोतून सामान जातं असं लोक बोलतात, आणि तू उघडून दाखवत नाहीस. दाखव. नाहीतर या वर्षी बस मी दुसऱ्याला देईन. मला दुसरी वाट नाही."

त्या संध्याकाळी वेंडेल माझ्याकडे आला. मी भाजलेला सफरचंदाचा केक त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने खाल्ला नाही.

"आता तीनच शर्यती उरल्यात," तो म्हणाला. "तिन्ही जिंकलो तर बाद झालेली सोडूनसुद्धा करंडक माझा आहे."

"आणि बस?"

त्याने केकची बशी बाजूला सारली. हा माणूस मोठ्यांच्या घोळक्यात उभा राहिला की हात कुठे ठेवावेत हेच त्याला सुचत नसे. पण बसमध्ये मुलं त्याच्याशी अखंड बोलत आणि तो उत्तरं देत असे. कुठल्या शेतावरचा कुत्रा चाकामागे धावतो, कुणाच्या घरी वासरू झालंय, कुठल्या मुलीला काल आईने रागावलं, हे त्याला सगळं माहीत असे. बस गेली तर वर्षाचे नऊ महिने तो कुणाशी बोलणार होता?

"करंडक ठेवायला घरात जागाही नाही तशी," तो शेवटी म्हणाला. "अल्विनाचे कप आहेत सगळ्या फळ्यांवर."

दुसऱ्या दिवशी तो डर्कच्या दुकानात गेला. मीही ट्रॅक्टरचा पट्टा घ्यायचा बहाणा करून गेले होते. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही.

"डर्क, या शनिवारी मी जिंकलो तर तक्रार कर."

डर्कने पाना खाली ठेवला. "का?"

"खोलून दाखवायचंय."

"आत्तापर्यंत नको होतं. आता का हवंय? रातोरात बदलून ठेवलंस वाटतं सगळं?"

"नाही."

"मग दोन इंजिनं आहेत तुझ्याकडे. एक पळायला, एक दाखवायला."

"डर्क, लेका, गाडी शर्यतीनंतर मैदानावरच राहील. तारेने बांधा, कुलूप लावा, दारात खाट टाकून झोप हवं तर."

"झोपेनच," डर्क म्हणाला. आणि खरंच झोपला.

शनिवारी वेंडेल जिंकला. दोन्ही गाड्या जत्रेच्या मेंढ्यांच्या गोठ्यात लोटल्या, बॉनेटना तार बांधून शिशाचं सील ठोकलं आणि दाराला कुलूप घातलं. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर अर्धं गाव तसंच चांगल्या कपड्यांत तिकडे वळलं. बायकांच्या हातात खाण्याच्या झाकलेल्या थाळ्या होत्या, पुरुषांनी टाय सैल केले होते. गवताच्या गासड्यांवर रुमाल अंथरून माणसं बसली. अल्विना आली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली.

मैदानाचे तपासनीस रोलंड फॉस. ते घड्याळं दुरुस्त करत, त्यामुळे त्यांना घाई ठाऊक नव्हती. त्यांनी आधी इंजिनाचं माप घेतलं. सिलिंडरांची रुंदी बरोबर, पिस्टनची चाल बरोबर. इंजिन मोठं नव्हतं. लोकांत कुजबुज झाली. मग हेड उतरलं.

"हे बघा!" डर्क ओरडला. "खळगे केवढेसे! कापलंय. घासून पातळ केलंय ते!"

रोलंडनी जाडी मोजली. पुन्हा मोजली. "कापलेलं नाही."

"मग खळगा लहान कसा?"

"तेही मोजू." रोलंडनी माझ्याकडे पाहिलं; शाळेतली नळी घेऊन यायला त्यांनीच मला सांगून ठेवलं होतं. "क्रूझबाई, नळी आणलीय ना?"

"बाईंनी नको!" मागून कुणीतरी म्हणालं. "बाई त्याच्या बाजूच्या आहेत."

मी शाळेत तीस पोरांना गप्प करत असे, पण हा गोठा म्हणजे शाळा नव्हती. गाव आपल्याकडेही त्याच नजरेने बघतंय हे कळायला मला उशीर झाला होता. मग मी ब्युरेट डर्कच्या हातात दिली. "तू सोड पाणी. मी हात लावत नाही. तोटी हळू फिरव, आणि डोळा पाण्याच्या पातळीला आण."

डर्कने सगळ्यांसमोर गुडघे टेकून, रविवारच्या पँटीला ग्रीस लावून घेत पाणी सोडलं. अठ्ठावन्न.

रोलंडनी हेडवर ओतीवातच उमटलेला आकडा भिंगातून वाचला. "लहान इंजिनाचं आहे. त्याच कंपनीचं. जसं कारखान्यातून निघालं तसं."

"आणि आलं कुठून?" हा प्रश्न हार्म उबेन यांचा होता. 

वेंडेलने मान वळवून आमच्या चर्चच्या पाद्रीबाईंकडे पाहिलं. "तुमच्या गाडीचं आहे, मॅडम. हरणाला धडकली होती ती."

पाद्रीबाईंनी हात तोंडावर नेला. "माझी गाडी शर्यत जिंकतेय?"

"वरचा भाग."

आधी पाद्रीबाई हसल्या, मग बाकीचे. भंगारवाला फ्लॉइड गासडीवरूनच ओरडला, "माझ्याकडूनच नेलं त्याने. मला म्हणाला, दाराला अडकण म्हणून हवंय!" हार्म उबेन वेंडेलजवळ गेले, हात पुढे केला आणि म्हणाले, "सोमवारी डेपोत ये. ब्रेक तपासायचेत." बस राहिली.

पण तोवर गोठ्यातली गर्दी वेगळ्याच कारणाने मोडू लागली होती. माणसं हलू लागली होती. कुणाला गाईंना पाणी पाजायची आठवण झाली, कुणाला जेवणाची. फ्लॉइडच्या आवाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली.

डर्कचं इंजिन शेजारी उघडंच होतं. वेंडेल त्याच्याकडे बघत होता. "डर्क, तुझे पिस्टन सपाट आहेत."

"मग?"

"माझे बशीसारखे आहेत म्हणून हे हेड चालतं. सपाटावर बसवलंस तर दाब फार होईल. पंपावरचं पेट्रोल वेळेआधीच पेटेल, इंजिन नॉक करेल, आतून ठोके बसतील. बसवू नकोस."

डर्कने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू वेंडेलने त्याच्या खिशात हात घातलाय. "चौदा वर्षं गप्प बसलास. सगळा उन्हाळा गप्प बसलास. आता माझी काळजी?"

"सांगायचं म्हणून सांगतोय."

"कळलं मला का सांगतोयस."

पुढच्या शनिवारी सहा गाड्यांवर लहान हेडं होती. डर्क सराव करत होता तेव्हा डब्यात खडे वाजवावेत तसा आवाज त्याच्या इंजिनातून येऊ लागला. वेंडेल आपल्या गाडीपासून उठून त्याच्याकडे चालत गेला. मी कुंपणापाशीच होते, म्हणून ऐकू आलं.

"निदान ठिणगी थोडी उशिरा कर. ऐकू येतंय ना तुला?"

"जा की रे," डर्क म्हणाला. "घाबरलायस तू, दुसरं काय."

डर्क आठ फेऱ्या सर्वांच्या पुढे होता. मग गाडीमागून निळा धूर निघाला, एक आवाज झाला, आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या काचांवर तेल उडालं. पिस्टनला इतकं मोठं भोक पडलं होतं, की रोलंडनी त्यातून अंगठा घालून दाखवला. डर्कने हेल्मेट गवतात फेकलं आणि वेंडेलकडे बोट केलं. "मुद्दाम! तू मुद्दाम असं बोललास, की माझा विश्वास बसणार नाही!"

करंडक वेंडेललाही मिळाला नाही. मार्विन हेकेन नावाच्या डुक्करपालकाच्या गाडीतही बशीसारखेच पिस्टन होते. त्याने पाद्रीबाईंच्या गाडीसारखंच हेड बसवलं, वेंडेलचं बघून मागचं गियरही बदललं, आणि तो गाडी वेंडेलपेक्षा चांगली चालवायचा. उरलेल्या दोन शर्यती त्याने सहज जिंकल्या आणि थोडक्या गुणांनी करंडकही नेला. वेंडेल पूर्वीसारखाच मधल्या घोळक्यात आला आणि तिथे, खरं सांगायचं तर, जरा सुटल्यासारखा दिसायचा.

डर्क आजही भेटला की तेच म्हणतो. "क्रूझबाई, तुम्हाला तो साधा वाटतो." मी विषय बदलते. मी स्वतः ऐकलेलं आहे, की वेंडेलने त्याला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा खरं तेच सांगितलं. पण एका हिवाळ्यात, अल्विना स्वयंपाकघरात असताना, मी त्याला विचारलं होतं.

"तो तुझं ऐकणार नाही, हे तुला माहीत होतं ना?"

"सांगितलं की मी, बाई."

"ते नाही विचारलं मी."

त्याने कपात खडीसाखरेचा आणखी एक खडा टाकला आणि तो तडकेपर्यंत कान लावून बसला. "डर्क कुणाचंच ऐकत नाही," तो म्हणाला. मग बाहेर बर्फ थांबलाय का ते बघायला उठला. त्यावर मला काय समजायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

बस त्याने दोन वर्षांपूर्वी सोडली, गुडघा दुखू लागला म्हणून. अल्विना वारल्यावर ते घरही विकलं. आता तो डेपोमागच्या दोन खोल्यांत राहतो, आणि मंगळवारी व शुक्रवारी नव्या चालकांना बस मागे कशी घ्यायची ते शिकवतो.